एक कान तुमचा

वरच्या खोलीच्या दारात कुणी उभं राहिलं की आमचा भाडेकरू डोक्यावरच्या हेडफोनची उजवी बाजू अंगठ्यानं कानामागे ढकलायचा आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणायचा, "बोला काका, एक कान तुमचा."

दुसरा कान कुणाचा, हे विचारायची सोय नव्हती. त्या कानात एकाच वेळी बंदुका, पावलांचे आवाज, त्याच्या गावचे दोन मित्र आणि कुठले कुठले शेकडो लोक असायचे. ते लोक त्याचा खेळ बघायला यायचे. खेळायला नव्हे, नुसतं बघायला. आम्हीही लहानपणी गल्लीतल्या कॅरमभोवती उभे राहून दुसऱ्यांचा खेळ बघायचो, पण त्याला कुणी नाव दिलं नव्हतं. याला स्ट्रीमिंग म्हणतात, हे त्यानं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी वर गेलो होतो तक्रार करायला.

"मतलब काका, मी खेळतो, लोक बघतात, बस."

"आणि घरचे?"

"ते नाही बघत."

तुमच्याही पाहण्यात असा एखादा मुलगा असेल. पंचविशीच्या आतबाहेरचा, किडकिडीत, पाठीला जरासा बाक, घरातसुद्धा पायांत मोजे. वडिलांचं इंदूरजवळ हातोदला बियाण्याचं दुकान. तीन पिढ्या तिकडेच गेल्यामुळे मराठी अर्धीमुर्धी आणि मध्ये मध्ये इंदुरी 'भिया', म्हणजे भाऊ, पेरलेला. मला काका म्हणता म्हणता चुकून भिया म्हणायचा, मग स्वतःच जीभ चावायचा. आमच्या वरच्या खोलीत तो दोन वर्षं भाड्यानं राहिला. येताना एक गादी, एक सिंथेसायझर आणि रजईत गुंडाळलेला कॉम्प्युटर घेऊन आला होता. त्या रजईला त्यानं कुणाला हात लावू दिला नाही.

तक्रार अशी होती की त्याची आरडाओरडा करत खेळायची वेळ दुपारी एक ते पाच. माझी झोपायची वेळ दुपारी दीड ते साडेतीन. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात माझी पस्तीस वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतर काय करायचं हे मी तेव्हाच ठरवलेलं होतं. "जगातले खेळणारे रात्री खेळतात म्हणे, तू दुपारीच का रे?" मी विचारलं.

"रात्री सगळेच असतात काका. दुपारी मी एकटाच असतो. जेवताना लोकांना कुणीतरी पाहिजे असतं समोर."

मी माझी खाट मागच्या खोलीत हलवली.

आता आमच्या घराची एक खोड सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. इंदूरच्या पुष्कळ जुन्या मराठी घरांना ती आहे. घरातली कुठलीही वस्तू जरा काळी पडली की ती संस्थानच्या काळातली होते. समई संस्थानच्या काळातली, अडकित्ता संस्थानच्या काळातला. एकदा मी पाहुण्यांना चिंचेच्या साराबद्दलसुद्धा तसंच सांगितलं होतं. आमचे पणजोबा दरबारात होते, असं आम्ही सांगतो. ते फरासखान्यात होते. म्हणजे दरबार भरायच्या आधी सतरंज्या अंथरायचे आणि दरबार उठला की गुंडाळून ठेवायचे. पण होते दरबारातच, यात खोटं काही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मी पेटी वाजवतो. आमच्या भजनी मंडळात वीस वर्षं साथीला आहे. आमच्या घरात संगीत म्हणजे मी, हे सगळ्यांनी मान्य केलेलं होतं. निदान माझी तशी समजूत होती.

एके दिवशी भर दुपारी तो खाली आला. हेडफोन गळ्यात लोंबत होता, म्हणजे काहीतरी बिघडलं होतं. आदल्या दिवशी त्यानं खेळताना पाठीमागे एक सिनेमाचं गाणं लावलं होतं आणि त्या गाण्याच्या मालकांनी त्याच्या अख्ख्या चार तासांच्या व्हिडिओचा आवाज बंद करून टाकला होता.

"नुसता तोंड हलवतोय मी त्याच्यात. गोळ्यासुद्धा मुक्या." तो माझ्या खाटेच्या कडेवर बसला. "काका, ज्याचा कुणी मालक नाही असं एखादं गाणं आहे का तुमच्याजवळ?"

मला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी लगेच पेटी काढली. दोन भजनं वाजवली. ती कुणी ना कुणी गाऊन ठेवलेली निघाली. एक आरती वाजवली. तो म्हणाला, आरतीवर गोळ्या नाही चालवता येत. मग माझी बोटं आपोआप एका चालीवर गेली. ती चाल आमच्या घरात चाळीस वर्षं ऐकू येत होती. कुकरच्या शिट्ट्यांमधून, धान्य निवडताना, कपडे वाळत घालताना. दोनच ओळींची, साधी, पण पहिलीवरून दुसरीवर जाताना एक हलका झोका घेणारी.

तो ताठ बसला. "हे कुणाचं?"

आणि मी, समईबद्दल सांगावं तितक्या सहज सांगितलं, "आमच्या आजीचं. संस्थानच्या काळातलं."

त्याच वेळी आमची ही चहा घेऊन आली होती. तिनं दोन्ही कप ठेवले, पेटीकडे एकदा बघितलं आणि आत गेली. मला तेव्हा त्यात काही वेगळं दिसलं नाही.

त्या दिवसापासून ती चाल वरच्या मजल्यावर गेली. खेळ सुरू व्हायच्या आधी सगळे खेळाडू जमेपर्यंत मिनिटभर थांबावं लागतं. त्या मिनिटात तो ती गुणगुणायचा. मग सिंथेसायझरवर वाजवायला लागला. खेळातल्या बुटांचे आवाज कापून त्यानं तिच्याखाली ताल भरला. काही दिवसांनी असं झालं की लोक त्याला म्हणायला लागले, भिया, खेळ नंतर, आधी दादीवालं लावा. तो नेमबाज म्हणून बरा होता, म्हणजे खेळात रोज चारपाचदा तरी मरायचा. पण मेल्यावर तो गायचा, आणि लोक त्याच्या मरणाची वाट बघायला लागले. हे त्यानंच मला हसत हसत सांगितलं.

संध्याकाळी तो गाण्याच्या मागे लागला. एका कॉलेजात गायला, एका कॅफेत गायला, दोन स्वतःची गाणी केली. ती मला फार कळली नाहीत, पण तो सुरात होता. गणपतीत मी त्याला आमच्या मंडळात उभा केला. आधी माईकवर चांगलं पाच मिनिटं बोललो. संस्थान, दरबार, आजी, हरवत चाललेला ठेवा, काही म्हणून सोडलं नाही. त्यानं शब्द स्वतःचे घातले होते, कारण मूळ शब्द काळाच्या ओघात नाहीसे झाले असं मीच सांगितलं होतं. टाळ्या भरपूर पडल्या. चिटणीस म्हणाले, "तुमच्या घराण्याचं हे माहीत नव्हतं हो." मीही मान लववून नमस्कार केला. आमची ही तिसऱ्या रांगेत बसली होती. टाळ्या तिनंही वाजवल्या.

फक्त तो खूश नव्हता. "काका, हे गाणं जिना चढतं आणि मध्येच थांबतं. याला तिसरी ओळ आहे. असणारच. तुमच्या आजी काय म्हणायच्या पुढे?"

"एवढीच आहे चाल."

"नाही हो. नक्की काहीतरी आहे."

तिसरी ओळ त्यानं स्वतः करून बघितली. दहा वेळा, वीस वेळा. जेवायला बोलावलं तर जिन्यात थांबून म्हणून दाखवायचा, आणि मग स्वतःच मान हलवायचा. याच दिवसांत दिल्लीहून एका संगीत कंपनीच्या बाईंचा त्याला फोन आला. त्यांना ते गाणं काढायचं होतं. गाण्यापेक्षाही त्यांना त्यामागची हकीकत आवडली होती: गेम खेळणारा मुलगा, आणि राजेरजवाड्यांच्या काळातली हरवलेली धून. त्या दिवशी तो जिना तीन तीन पायऱ्यांनी उतरला. हातोदला फोन करून वडिलांना सांगितलं. वडील एवढंच म्हणाले की गाणं आलं की दुकानात लावू. तो ते वाक्य दिवसभर सगळ्यांना सांगत होता.

मग ती दुपार आली. उन्हाळ्याचे दिवस, सव्वादोनची वेळ, आणि लाईट गेली. खेळ बंद, पंखे बंद, शेजारचा कूलर बंद, समोरच्या पिठाच्या गिरणीची घरघर बंद. आमच्या गल्लीत इतकी शांतता मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. मी उकाड्यानं उठलो आणि पाणी प्यायला निघालो, तर तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेला. त्यानं मला बोटानं गप्प राहायला सांगितलं. हेडफोन त्याच्या मांडीवर होता. दोन्ही कान उघडे. तसा मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो.

स्वयंपाकघरात आमची ही गहू निवडत होती आणि गात होती. गुणगुणणं नव्हे, शब्द होते.

एक गाडी गेली, एक घास गेला,
दुसरी गाडी धुळ्याची, भाऊ माझा हसला,
तिसरी गाडी थांबेल गं, तिच्यात बाबा असतील.

तिसरी ओळ वर जात होती आणि वरच राहत होती. चाळीस वर्षांत मी ती ऐकलेली नव्हती.

तो तसाच मोज्यांच्या पायांनी आत गेला आणि तिच्यासमोर फरशीवर बसला. "काकू, हे कुठलं?"

ती दचकली. मग ताट बाजूला सारून म्हणाली, "हे होय? हे माझंच."

"माझंच म्हणजे?"

"मीच केलेलं. मानपुरला. सोळाची असेन."

मानपुर हे तिचं माहेर. आग्रा-मुंबई रस्त्याला अगदी लागून घर. धाकटा भाऊ जेवायला त्रास द्यायचा, म्हणून ती त्याला ओट्यावर घेऊन बसायची. ट्रक गेला की एक घास. वडील रस्त्याच्या कामावर असायचे, पंधरा दिवसांनी एखाद्या ट्रकमध्ये बसून घरी यायचे. म्हणून तिसरी ओळ. "मग एकदा ट्रक थांबला," ती म्हणाली, "पण त्यात बाबा नव्हते. निरोप होता. त्यानंतर ती ओळ मी कुणासमोर म्हणत नाही." तिनं गव्हातला एक खडा काढून बाजूला टाकला. "भाऊ आता नव्वद किलोचा आहे. घास मोजावे लागत नाहीत."

तो माझ्याकडे वळला. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो.

"काकू, मग तुम्ही इतके दिवस बोलल्या का नाही? मंडळात पण?"

"हे म्हणाले आजीचं. सगळ्यांसमोर म्हणाले. आता काय मी मध्ये बोलायचं?" आणि मग, ताट पुन्हा पुढ्यात ओढून, "मला विचारलं कुठं कुणी?"

त्या वेळी मला काय वाटलं ते मी बोललो नाही, म्हणून इथं लिहितो. मला लाज वाटली. खोटं बोलल्याची नव्हे, कारण मी खोटं बोललो असं मला वाटतच नव्हतं. घरातली चांगली गोष्ट म्हणजे आजीची किंवा पणजोबांची, एवढंच मला माहीत होतं. ती समोर बसून गहू निवडणाऱ्या बाईची असू शकते, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पण तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हणालो, "आता राहू दे. आजी काय नि ही काय, घरचंच आहे. त्या कंपनीला काय फरक पडतो?"

"हो रे," हीसुद्धा म्हणाली, "तुझं काम होतंय ना, होऊ दे."

तो कितीतरी वेळ हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिला. त्याचं काय पणाला लागलं होतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. हातोदच्या दुकानात काय लागणार होतं, तेही.

"नाही काका," तो म्हणाला. "तिथं नाव लिहायची जागा असते. माझा आवाज बंद केला होता ना, तेव्हा मला किती राग आला होता. मी नाही करणार तसं कुणाचं."

लाईट येईपर्यंतही तो थांबला नाही. तिथंच बसून दिल्लीला फोन लावला. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती.

"नहीं मॅडम, दादी नहीं. काकू. हमारी मकानमालकिन... नहीं नहीं, जिंदा हैं. सामने बैठी हैं, गेहूँ बीन रही हैं... राजघराना नहीं मॅडम. मानपुर. हाईवे पे... ट्रक गिनने का गाना है... जी. जी."

फोन ठेवून तो म्हणाला, "कळवतो म्हणाल्या."

त्यांनी कळवलं नाही. पंधरा दिवसांनी त्यानंच फोन केला, तेव्हा कुणीतरी दुसरंच बोललं आणि गोड शब्दांत सांगितलं की मग त्यात स्टोरी राहत नाही. तो वर गेला, आणि दोन दिवस दुपारी एकला खेळ सुरू झाला नाही. मी खाट पुन्हा पुढच्या खोलीत आणली. झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी ही वर गेली. गुडघे दुखतात म्हणून ती कधी जिना चढत नसे. मी खालून ऐकत होतो. "कशाला बसलायस असा? कंपनी नाही तर नाही. तू म्हण ना. तिसरी ओळ म्हण तू, मी देते. पण हळू म्हण."

मग त्यानं ते गाणं स्वतःच केलं. खोलीत चारी बाजूंना आमच्या गाद्या उभ्या केल्या, पंखा बंद केला, आणि घामानं निथळत गायला. शब्द तिचे. बुटांचा ताल काढून टाकला. त्याऐवजी एका सकाळी मानपुरला जाऊन रस्त्याच्या कडेला बसून जाणाऱ्या ट्रकांचे आवाज भरून आणले. तिसऱ्या ओळीशी ट्रकचा आवाज येत नाही. तिथं नुसता त्याचा गळा आहे.

नाव लिहायची वेळ आली तेव्हा तो खाली आला आणि दारात घुटमळला. "काकू, तुमचं नाव काय?"

इतके दिवस घरात राहून त्याला ते माहीत नव्हतं, कारण माझ्या तोंडी ते कधी येत नाही. मी सांगायला गेलो, तर तिनं हातानं थांबवलं. आमच्या लग्नात माझ्या आईनं ताटातल्या तांदळावर तिचं नवं नाव लिहिलं होतं, चांगलं निवडून, संस्थानातल्या कुठल्याशा राणीसाहेबांचं. तेच पुढे रेशनकार्डापासून सगळीकडे लागलं.

"ते नको," ती म्हणाली. "गाणं केलं तेव्हा मी सुमन होते. सुमन लिही."

"आडनाव?"

"मानपुर लिही. तिथंच केलंय."

ते गाणं काही गाजलं वगैरे नाही. त्याचे नेहमीचे लोक ऐकतात, आणखी थोडे ऐकतात. एका ट्रक ड्रायव्हरनं लिहिलं होतं की मानपुरचा घाट उतरताना तो हेच लावतो. ते हिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. हातोदच्या दुकानात मात्र ते लागलं. वडिलांनी फोन करून विचारलं, ही सुमन कोण? तो म्हणाला, माझी मकानमालकीण. वडील म्हणाले, भाडं वेळेवर देत जा.

मीही गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात मंडळाचा माईक मागून घेतला. आजीचं गाणं आजीचं नव्हतं, आणि पणजोबा दरबारात सतरंज्या घालायचे, हे दोन्ही एका दमात सांगून टाकलं. लोक हसले. चिटणीसांनी सांगितलं की त्यांचे पणजोबाही तिथंच होते, मशाली पुसायला. ही तिसऱ्या रांगेत होती. या वेळी तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत, लोकांनी तिच्याकडे वळून वाजवल्या.

मग त्याला हैदराबादला काम मिळालं. खेळ तयार करणाऱ्या एका ठिकाणी त्यातलं संगीत करायचं. ट्रकचे आवाज ऐकूनच त्यांनी त्याला बोलावलं, असं तो म्हणाला. निघताना कॉम्प्युटर पुन्हा रजईत गेला. या वेळी एक टोक त्यानं मला धरू दिलं. जुना हेडफोन त्यानं हिला दिला, तिच्या मोबाईलला जोडून कसा लावायचा ते दाखवलं आणि बजावलं, "काकू, दोन्ही कानांवर लावा. तरच मजा येते."

वरच्या खोलीत आता एक बँकेतली मुलगी राहते. शांत आहे. दुपारी माझ्या झोपेच्या आड काही येत नाही, आणि मला झोप येत नाही. रविवारी तो तिकडून एक वाजता खेळतो. अजूनही पूर्वीसारखाच मरतो. ही स्वयंपाकघरात मोबाईल डब्याला टेकवून ते बघत असते.

परवाच्या रविवारी मी चहा मागायला आत गेलो. ती पोळ्या लाटत होती, डोक्यावर तो मोठा काळा हेडफोन, अंबाड्यामुळे थोडा वाकडा बसलेला. पडद्यावर तो गात होता. मी अहो-जाहो करायच्या सुरात, गमतीनं, हाक मारली, "सुमनबाई."

तिनं पिठाच्या अंगठ्यानं उजवी बाजू कानामागे ढकलली, नजर पडद्यावरच ठेवली आणि म्हणाली, "बोला. एक कान तुमचा."

मी म्हटलं, "काही नाही. ऐक तू." आणि चहा मीच ठेवला.